पोकळ लादी

भैय्यालालच्या हातून पोकळ लादी कधी फाटकाबाहेर गेली नव्हती. आसगावच्या रस्त्याला रत्नाबाईंनी बर्फाचा कारखाना टाकला तेव्हापासून तो तिथला मिस्त्री. साच्याच्या पत्र्याच्या उंच डब्यात पाणी भरायचं, डबा खाऱ्या पाण्याच्या थंडगार हौदात सोडायचा, आणि पाण्याचा दगड झाला की वर काढायचा, एवढंच काम. पण 'दगड झाला' हे कधी म्हणायचं, याबाबत तो फार कडक होता. डबा हौदातून वर आला की हमाल चंद्रकुमार बाभळीच्या दांडक्याने बर्फाच्या माथ्यावर ठोकायचा. भरीव लादी टक् वाजते. पोटात पाणी राहिलं असेल तर ढब. ढब वाजली की डबा मुकाट्याने परत हौदात जायचा, मग फाटकाशी गिऱ्हाईक कितीही ओरडत असो. पवनीपासून लाखांदूरपर्यंत लग्नघरची माणसं 'भैय्यालालची लादी' मागत यायची ती याच ठोक्यामुळे.

त्या मे महिन्यात शकुन आली ती सकाळीच आली, आणि चप्पल न काढताच थेट हौदापाशी गेली. मासेमार सोसायटीची ती सचिव. तिचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एक, भैय्यालालचंही तेच गाव, त्यामुळे ती त्याला काका म्हणायची आणि हक्काने भांडायची.

"काका, तिन्ही तलाव एकाच टायमाले काढा लागतेत," ती म्हणाली.

भैय्यालालने हातातला पाना खाली ठेवला. आसपासच्या तीन गावांचे तीन तलाव सोसायटीकडे होते आणि त्यांची पाळी ठरलेली असायची. एका तलावातली मासळी काढून बाजारात गेली की आठवड्याने दुसरा, मग तिसरा. कारखान्याचा बर्फही त्या पाळीच्या मापानेच पुरायचा.

"काहून? पाळी कोणं मोडली?"

"पाण्यानं मोडली, आखीन कोणं! उन्हाळी धानाले पाणी सोडलं, वरून ही तपन. तिन्ही तलावात कमरेएवढं बी पाणी नाही राहिलं. सकाळी रोहू, कतला वर येऊन तोंड उघडून राहिले. अजून चार दिवस, मंग मेलेलेच वेचा लागतीन."

"मंग काढा ना."

"काढतोच. पण नागपूरच्या बाजारात नेऊ कशात? तुमाले तं माहीत हाय, मासोळी नरम पडली का व्यापारी हात बी नाही लावत. तीन गावाची वर्षाची मेहनत हाय काका. बर्फ पायजे. रोजच्यापेक्षा दुप्पट."

भैय्यालालने हौदावरच्या लाकडी झाकणांकडे पाहिलं. साठ झाकणं, साठ डबे. आज सकाळी भरलेला डबा उद्या सकाळी भरीव होतो. लग्नसराई असल्याने अर्धे डबे लग्नघरांना बोललेले होते. उरलेले अर्धे मासळीला. शकुनला आता त्या अर्ध्याचे दुप्पट, म्हणजे पूर्ण कारखाना हवा होता, आणि लग्नांचा अर्धा कारखाना वेगळाच. दीड कारखाना लागत होता, आणि उभा एकच होता.

"होत नाही, बाई," तो म्हणाला. "बर्फाले घाई नाही करता येत."

तेवढ्यात रत्नाबाई आल्या. नवऱ्याचा धानाचा व्यापार शेजारच्याच गोदामात होता, पण बर्फ कारखाना त्यांचा स्वतःचा. हिशोब, गिऱ्हाईक, वीजबिल सगळं त्या पाहायच्या; यंत्राच्या खोलीत मात्र त्या पाहुण्यासारख्या वावरायच्या. शकुनने त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. सांगता सांगता कॉम्प्रेसरची धडधड एकाएकी थांबली.

"घ्या! हे बी बंद पडलं का?" रत्नाबाई दचकल्या.

"बंद नाही पडलं, बाई. हौदातलं पाणी पायजे तेवढं थंड झालं का ते आपोआप थांबते. दम घेऊन राहिलं."

"नेहमी घेते?"

"घेते ना. तीन घंटे चाललं तं त्यातला एक घंटा तं दमातच जाते."

रत्नाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "माणसाले बर्फ पुरत नाही अन् मशीन दम घेऊन राहिली. असं कसं जी?"

प्रश्न साधा होता, आणि भैय्यालालने इतक्या वर्षांत तो स्वतःला कधी विचारला नव्हता. कॉम्प्रेसर थकत नव्हता. त्याच्याकडे थंडावा शिल्लक होता. तो घ्यायलाच कोणी नव्हतं. मग बर्फ अडत होता तो कुठे?

उत्तर त्याला हातांनी माहीत होतं. डबा हौदात सोडला की पत्र्याला लागून बोटभर बर्फ भराभर धरतो. पुढचं बोट जरा सावकाश. जसजसा बर्फ जाड होतो तसतसा तो स्वतःच आतल्या पाण्याचं पांघरूण होऊन बसतो. बाहेरची थंडी त्या पांघरुणातून आत झिरपायला वेळ लागतो. शेवटचा मधला गाभा तर असा हट्टी, की दिवसाचा मोठा भाग त्या एवढ्याशा पाण्यावरच जातो. त्या वेळात कॉम्प्रेसर दम घेतो आणि भैय्यालाल गाभा जमायची वाट पाहत बसतो.

शकुन इकडे पायाने एक ओली झाकणफळी सरकवत होती. "तसंही काका, तुमी एवढी ठोस लादी देता अन् आमी नेल्याबरोबर तिचा घनानं चुरा करतो. ठोस असली का आखीन जोर लागते. बाबुलालचा खांदा दुखून राहिला तुमच्या लादीपायी." बाबुलाल म्हणजे तिचा नवरा.

भैय्यालाल उठला, हौदापाशी गेला आणि सकाळीच भरलेल्या डब्यांपैकी एकाचं झाकण त्याने उचललं.

"चंद्रकुमार, हा वर घे."

"हा? हा तं कच्चा हाय, मिस्त्री."

"माहीत हाय मले. घे वर."

साखळीच्या कप्पीने डबा वर आला. वरती पातळ पापुद्रा, मधे पाणी. भैय्यालालने पापुद्रा फोडून डबा तिरपा केला आणि गाभ्यातलं पाणी ड्रममध्ये ओतलं. मग डबा साध्या पाण्यात बुडवून बर्फ सोडवला. बाहेर आली ती जाड भिंतीची, आरपार दिसणारी बर्फाची पेटी. मध्ये हात घालता येईल एवढी पोकळी. चंद्रकुमारने मान वळवली, कुणाचं उघडं अंग दिसावं तशी.

"वजन करा लागते," भैय्यालाल म्हणाला.

कारखान्यात काटाच नव्हता. लादी म्हणजे लादी. ती मोजून विकली जायची, तोलून नाही. रत्नाबाईंनी गोदामातून धानाचा काटा आणवला. धान तोलायच्या त्या लोखंडी पाट्यावर पोकळ लादी ठेवली, पाणी ठिबकू लागलं, आणि सगळे आकड्यावर वाकले. भैय्यालालने एकावर भागवलं नाही. दर थोड्या वेळाने एक डबा काढायचा, गाभा ओतायचा, तोलायचा, असं त्याने दुपारपर्यंत चालवलं. उन्हाने पत्रा तापला तरी तो काट्यापासून हलला नाही. त्याच्या डोळ्यात एक वेगळीच चमक आली होती. ज्या पाण्याला त्याने हजारो वेळा दगड होताना पाहिलं होतं, ते दगड कसं होत जातं हे तो आज पहिल्यांदा मोजत होता.

दुपार कलताना त्याने रत्नाबाईंना सांगितलं, "बाई, एक भरीव लादी व्हाले जेवढा टाइम लागते ना, त्याच्या तिसऱ्या हिश्शात तीनातले दोन हिस्से बर्फ तयार होते. उरलेला एक हिस्सा जमाले बाकीचा सगळा दिवस. म्हणजे पोकळ काढल्या तं एका डब्यातून दिवसात तीन फेऱ्या. दुप्पट बर्फ."

"आखीन काही मशीन आणा लागते का?"

"काही नाही. हेच डबे, हाच हौद. अन् गाभ्यातलं पाणी थंडगारच असते, तेच नव्या डब्यात ओतू. बोरचं पाणी गरम असते, त्याले थंड करण्यातच किती जोर जाते." मग तो थोडा थांबला. "फकत..."

"फकत काय?"

"फाटकाबाहेर पोकळ लादी जाईन."

रत्नाबाईंना त्याचा चेहरा कळला. त्या हसल्या नाहीत. "लादी म्हणून नाही जाणार ती," त्या म्हणाल्या. "काट्यावर जाईन. किलोनं. लादी मागेल त्याले लादी, बर्फ मागेल त्याले बर्फ."

भैय्यालालने मान हलवली. डावीकडचे तीस डबे लग्नांचे, त्यांना पूर्ण वेळ. उजवीकडचे तीस मासळीचे. उजवीकडच्या झाकणांवर त्याने खडूने मोठ्या फुल्या मारल्या आणि चंद्रकुमारला सांगितलं, "ह्या लवकर काढाच्या. तिसऱ्या हिश्शाले."

दुसऱ्या दिवशी पहिला तलाव ओढायला घेतला. उन्हं चढायच्या आत जाळी बाहेर आली, आणि शकुनचा टेम्पो मासळीच्या क्रेट्ससह फाटकाशी येऊन उभा राहिला. भैय्यालाल तेव्हा मागच्या बाजूला पाण्याचा पंप नीट करत होता. पंप लावून, हात पुसत तो आत आला तर टेम्पो रिकामाच.

"काय झालं? भरला नाही?"

"बर्फच देऊन नाही राहिला हा!" शकुन कडाडली. "घंटा होते आता. मासोळी उन्हात हाय, काका!"

चंद्रकुमार घामाघूम होऊन कप्पी ओढत होता. त्याने एक डबा वर काढला, दांडका उचलला, ठोकला. ढब. त्याने डबा परत हौदात सोडला. पुढचा काढला. ठोकला. ढब. परत हौदात.

"अरे चंद्रकुमार!"

"काय करू, मिस्त्री! सकाळपासून एक बी भरीव नाही निघाली. आखीन थोडा टाइम द्या लागते."

भैय्यालालला हसूच आवरेना. "अरे बापा, आपुन पोकळच तं काढून राहिलो!"

चंद्रकुमारचा हात हवेतच थांबला. त्याने दांडक्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "हो ना," तो म्हणाला. "डोक्याले माहीत हाय मिस्त्री. हाताले नाही ना माहीत."

"आण तो दांडका इकडे."

भैय्यालालने दांडका स्वतःच्या काखेत धरला आणि चंद्रकुमारने डबे काढायला सुरुवात केली. गाभा ओत, लादी सोडव, काट्यावर ठेव. बाबुलालच्या घणाचा पहिलाच घाव बसला आणि लादी एका दणक्यात फुटली. तो खूश झाला. "हे बरं हाय ना काका! हे आधी काहून नाही सुचलं?"

"आधी तू बोलला असता तं सुचलं असतं."

क्रेटमध्ये मासळीचा एक थर, बर्फाचा एक थर, वर धानाचा भुसा पसरून ताडपत्री. शकुनने एकेक क्रेट हाताने दाबून पाहिला. टेम्पो नागपूरकडे गेला, पण जायला उशीर झाला होता. रोहू ताठ पोचेल की नाही, हे आता बाजारातच कळणार होतं.

पण त्या एका तासाच्या ठोकाठोकीने दुसराच घोटाळा केला होता, तो दुपारी उघडा पडला. ठोकून परत सोडलेले सगळेच डबे एकदम निघाले, आणि रिकामे झालेले ते तीसच्या तीस डबे चंद्रकुमारने एकदमच भरून हौदात सोडले. गरम पाण्याचा एवढा लोंढा हौदाला झेपेना. कॉम्प्रेसर न थांबता धडधडत होता, तरी हौदातल्या थर्मामीटरचा पारा वर सरकत होता. आणि हौद दोन्ही बाजूंना एकच होता. उजवीकडचं पाणी गरम झालं की डावीकडच्या लग्नाच्या लाद्याही अडत होत्या.

नेमके तेव्हाच वासुदेवराव आले. दिघोरीचे बडे धानवाले. परवा त्यांच्या नातीचं लग्न, आणि लाद्या त्यांनी महिन्यापूर्वी बोललेल्या. येता येता त्यांना काट्यावर उभी असलेली पोकळ लादी दिसली. त्यांनी वाकून तिच्या पोकळीत पाहिलं.

"भैय्यालाल, हे काय आता? बर्फाच्या कुंड्या विकून राहिला का? झाडं लावाची का यात?"

चंद्रकुमार फिसकन हसला. भैय्यालालने डाव्या बाजूकडे बोट केलं.

"ह्या तुमच्या नाही जी. तुमच्या तिकडं हाय."

"माह्या बी अशाच असतीन तं आताच सांग. वऱ्हाडी पाणी मागतीन अन् मी त्याइले कुंडी दाखवीन का?"

"वासुदेवराव," भैय्यालाल हौदावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्या लाद्या तुमी स्वतः ठोकून न्या. एक बी ढब वाजली तं ती ठेवा अठीच, तिच्या बदल्यात दोन नेजा."

वासुदेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मी येतो परवा सकाळी. माह्याच हातानं ठोकतो," म्हणाले आणि गेले.

बोलून तर गेलो, असं भैय्यालालला वाटलं. थर्मामीटर वरच होता. शकुनला आता कमी बर्फ दिला तर हौद सावरेल, पण उद्याच्या तलावाचं काय? तो हौदाच्या काठाने दोन-तीनदा फिरला. कॉम्प्रेसरची ताकद कमी नव्हती, हे त्याला कालच कळलं होतं. दिवसभराचा हिशोब बरोबर बसत होता. चूक होती ती सगळं एकदम मागण्यात. तीन तलाव एकदम आले म्हणून बर्फ पुरेना. तीस डबे एकदम आले म्हणून हौद पुरेना. एकाच जातीचा घोटाळा.

"चंद्रकुमार, आता एकदम नाही काढाचे. पाच काढाचे, पाच भराचे. मंग थोड्या वेळानं पुढचे पाच. दिवसभर."

"म्हणजे बसाले मिळणारच नाही?"

"मिळन ना. पाच पाच मिनिटं."

आणि शकुनला त्याने फोन लावला. "बाई, तुझे टेम्पो बी एकाच टायमाले नोको. जाळं थोडं थोडं ओढा. एक टेम्पो गेला का दुसरा. मासोळी तलावातच राहू दे, तिथं ते जिती राहते, क्रेटमधे नाही."

"लोकं ऐकतीन का, काका? सगळ्याइले आधी जाचं हाय."

"त्याइले म्हण, बर्फ पाच पाच लाद्यांनीच निघते. बर्फाले कोण रागावन?"

ती हसली. "बरं. आमच्याकडे बी पाळी लावतो मंग."

त्या संध्याकाळी शकुनचाच फोन आला. आवाज ऐकूनच भैय्यालालने ओळखलं. "पोचली, काका. शेवटचे चार क्रेट जरा नरम निघाले, व्यापाऱ्यानं बाजूले काढले. बाकीच्याचे गलफडे लाल, ताजे होते, सगळे उचलले. ते चार चंद्रकुमारच्या नावावर टाकू का?"

"माह्या टाक," भैय्यालाल म्हणाला.

पुढचे दिवस कारखाना कसा चालला, हे रत्नाबाई नंतर कौतुकाने सांगत. पाच डबे वर, पाच खाली. गाभ्याचं थंड पाणी नव्या डब्यात, त्यात बोरच्या पाण्याची भर. दोन-चार फेऱ्यांनी ते पाणी खारटसर लागायला लागलं की भैय्यालाल जीभ लावून ओळखायचा आणि ड्रम ओतून टाकायचा. पाण्यातला क्षार गाभ्यात गोळा होतो, हे त्याला जुनंच ठाऊक होतं. काट्यावर पोकळ लाद्या चढत होत्या, फाटकातून टेम्पो एकामागे एक जात होते, कुणी कुणाच्या अंगावर ओरडत नव्हतं. थर्मामीटरचा पारा हळूहळू खाली आला आणि ठरल्या जागी बसला. नवा नट नाही, नवा बोल्ट नाही. त्याच पत्र्याच्या डब्यांतून, त्याच जुन्या कॉम्प्रेसरमधून दीड कारखाना चालला होता. रत्नाबाई गोदामातलं काम सोडून येऊन पाहत उभ्या राहायच्या. एकदा त्यांनी नवऱ्यालाही बोलावून आणलं. तो म्हणाला, "बर्फच तं हाय," आणि गेला. त्या तरी उभ्याच राहिल्या.

ठरल्या सकाळी वासुदेवराव आले आणि त्यांनी खरंच एकेक लादी स्वतः ठोकली. भैय्यालाल बाजूला हाताची घडी घालून उभा होता. टक्. टक्. टक्. शेवटच्या लादीपर्यंत टक्. वासुदेवरावांनी दांडका परत दिला. "कुंड्या बी काढल्या अन् लाद्या बी काढल्या. कसं केलं बे?" मग, उत्तराची वाट न पाहता, "लग्नाले येजा. दोघंही," म्हणाले.

दुसरा तलाव निघाला. तिसऱ्याची मासळी नागपूरला पोचली ती शेवटच्या क्रेटपर्यंत ताठ. आणि त्याच दिवशी दुपारी, अजून दोन टेम्पो यायचे बाकी असताना, शकुनचा फोन आला.

"झालं, काका. तलाव संपला. आमी समजून होतो तेवढी मासोळी निघालीच नाही, बारकी सोडून देल्ली नदीत. आता बर्फ नोको."

भैय्यालालने फोन खाली ठेवला. रत्नाबाई शेजारीच होत्या. त्यांनी उजवीकडच्या फुल्या मारलेल्या झाकणांकडे पाहिलं. तीस डबे हौदात, काही नुकतेच भरलेले, काही अर्धे जमलेले, काही निघायच्या बेताला आलेले. त्या व्यापाऱ्याच्या घरच्या होत्या. गिऱ्हाईक एकाएकी फिरलं की माल पडून राहतो, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं.

"आता एवढ्या पोकळ लाद्याइचं काय कराचं?" त्यांनी काळजीने विचारलं. "ओतून द्या लागते का?"

"ओताच्या कायले?" भैय्यालाल म्हणाला. त्याने एक झाकण नीट बसवलं, मग शेजारचं. "काही नाही कराचं, बाई. फकत काढाच्या नाही. राहू द्या. उद्या दुपारपर्यंत सगळ्या भरीव होतीन. सत्यभामाबाईच्या घरचा साखरपुडा हाय, त्याइले लाद्याच पायजे."

रत्नाबाईंनी पुढचं झाकण स्वतःच्या हाताने बसवलं.

"अन् उद्या कोणाले एकदम पोकळ पायजे झाल्या तं?"

"तं मंग लवकर काढू," भैय्यालाल म्हणाला, आणि ओल्या हाताने झाकणांवरच्या फुल्या पुसायला लागला.